प्रजापती (हर्षल) : शोध व निरीक्षणांचा इतिहास

प्रजापती : (हर्षल, युरेनस). सूर्यापासूनच्या अंतराच्या क्रमाने सातवा व व्यासाच्या दृष्टीने सूर्यकुलातील तिसरा ग्रह. बुध ते शनी हे पाच ग्रह प्राचीन काळापासून माणसाच्या परिचयाचे आहेत. त्यांचा शोध कोणी लावला असा प्रश्न उद्‌भवत नाही. ज्याच्या शोधाची तारीख सांगता येते असा प्रजापती हा पहिला ग्रह होय. ही तारीख १३ मार्च १७८१ अशी दिली जाते. तथापि त्यापूर्वीच्या ९० वर्षांत तो किमान वीस वेळा तरी पाहिला गेला होता आणि प्रत्येक वेळी त्याची नोंद तारा म्हणून झाली होती. दिसणे आणि ओळखणे यांत पडलेले हे अंतर या ग्रहाच्या इतिहासात पुढेही वारंवार आढळते.

मराठीत या ग्रहाला दोन नावे आहेत. शास्त्रीय लेखनात ‘प्रजापती’ हे नाव वापरतात, तर पंचांगांत व फलज्योतिषात ‘हर्षल’ हेच रूढ आहे. हर्षल हे शोधकाच्या आडनावाचे मराठी रूप होय. ‘हर्ष’ या शब्दाशी त्याचा ध्वनी जुळत असल्याने ते परके वाटत नाही. महाराष्ट्रात मुलांची नावेही हर्षल ठेवली जातात. हिंदीत मात्र या ग्रहाला ‘अरुण’ म्हणतात. यूरोपात शोधानंतर सत्तर वर्षांपर्यंत नावाचा घोळ चालू होता. हर्शेल यांनी इंग्लंडचे राजे तिसरे जॉर्ज यांच्यावरून नाव सुचविले होते, ते इंग्लंडबाहेर कोणी स्वीकारले नाही. फ्रान्समध्ये लालांद यांनी शोधकाचेच नाव द्यावे असा आग्रह धरला. शेवटी जर्मन ज्योतिषशास्त्रज्ञ बोडे यांनी सुचविलेले ‘युरेनस’ हे ग्रीक पुराणातील आकाशदेवतेचे नाव सर्वमान्य झाले. लालांद यांची सूचना यूरोपात मागे पडली, परंतु मराठी पंचांगांत ती आजही टिकून आहे.

सामान्य स्वरूप : प्रजापतीचे सूर्यापासूनचे सरासरी अंतर १९.२ ज्योतिषशास्त्रीय एकके (पृथ्वी व सूर्य यांमधील सरासरी अंतर म्हणजे १ एकक), म्हणजे सु. २८७ कोटी किमी. आहे. सूर्यप्रकाशाला तेथे पोहोचण्यास सु. २ तास ४० मिनिटे लागतात. सूर्याभोवतीची एक फेरी पूर्ण करण्यास त्याला ८४ वर्षे लागतात. हर्शेल यांचे आयुष्यही जवळजवळ तेवढेच, म्हणजे ८४ वर्षांना सु. तीन महिने कमी, होते. ग्रहाचा विषुववृत्तीय व्यास ५१,११८ किमी. (पृथ्वीच्या चौपट), वस्तुमान पृथ्वीच्या साडेचौदा पट व सरासरी घनता पाण्याच्या १.२७ पट आहे. वातावरण मुख्यतः हायड्रोजन व हीलियम यांचे असून त्यात सु. २ टक्के मिथेन आहे. मिथेन तांबडा प्रकाश शोषून घेतो, त्यामुळे बिंब निळसर हिरवे दिसते. वर्णपटातील काळे पट्टे इटालियन शास्त्रज्ञ सेक्की यांनी १८६९ मध्ये पाहिले होते. ते मिथेनामुळे आहेत हे समजण्यास १९३० नंतरचे दशक उजाडावे लागले. वातावरणाच्या वरच्या थरातील नीचतम तापमान सु. −२२४° से. आहे.

गुरू व शनी हे मुख्यतः हायड्रोजन व हीलियम यांचे बनलेले वायुमय महाग्रह होत. प्रजापती व वरुण (नेपच्यून) यांच्या अंतर्भागात मात्र पाणी, अमोनिया व मिथेन यांचा वाटा मोठा असल्याने त्या दोघांना ‘बर्फाळ महाग्रह’ म्हटले जाते. हे नाव काहीसे फसवे आहे. अंतर्भागातील हा ‘बर्फ’ प्रचंड दाबाखालील, हजारो अंश तापमान असलेला दाट द्रव आहे. त्याला बर्फ म्हणण्याचे कारण एवढेच की, हे पदार्थ मुळात ज्या थंड प्रदेशात एकत्र आले तेथे ते गोठलेल्या स्थितीत होते.

ग्रहाचा अक्ष त्याच्या कक्षेच्या लंबाशी ९७.८° कललेला आहे, म्हणजे ग्रह जणू आडवा पडून सूर्याभोवती गडगडत जातो. त्यामुळे प्रत्येक ध्रुवावर सु. ४२ वर्षांचा दिवस व तितक्याच वर्षांची रात्र असते. १९८६ च्या सुमारास दक्षिण ध्रुव सूर्याकडे वळलेला होता, २००७ मध्ये सूर्य विषुववृत्तावर आला आणि २०३० च्या सुमारास उत्तर ध्रुव सूर्याकडे वळलेला असेल. सूर्यकुलाच्या निर्मितिकाळात पृथ्वीएवढ्या किंवा त्याहून मोठ्या पिंडाची धडक बसून अक्ष असा कलला असावा, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. परंतु हे अनुमानच आहे.

आकाशातील स्थान : प्रजापतीची कक्षा क्रांतिवृत्ताशी एका अंशाहूनही कमी कोन करीत असल्याने तो नेहमी राशिचक्रातच आढळतो. तो वर्षाला सरासरी सव्वाचार अंश पुढे सरकतो, म्हणजे एका राशीत सु. सात वर्षे राहतो. प्रतियुतीच्या वेळी (ग्रह सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला असताना) त्याची प्रत ५.४ ते ५.७ च्या दरम्यान असते. निर्मळ काळोख्या आकाशात तीक्ष्ण दृष्टीच्या माणसाला तो नुसत्या डोळ्यांनी अगदी अंधुक असा दिसू शकतो. त्याच्या बिंबाचा कोनीय व्यास ४ विकलांपेक्षा फारसा वाढत नाही.

मुंबईच्या उपनगरांतून पाहणाऱ्याच्या दृष्टीने या ग्रहाच्या स्थानाला विशेष महत्त्व आहे. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड व बोरिवली ही उपनगरे उ. अक्षांश १९.१° ते १९.३° यांच्या दरम्यान येतात. ज्या खस्थ पदार्थाची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर) तेवढीच उत्तर असेल तो तेथे बरोबर डोक्यावरून जातो. नोव्हेंबर २०२५ मधील प्रतियुतीच्या वेळी प्रजापती वृषभ राशीत, कृत्तिकांच्या दक्षिणेस चार-पाच अंशांवर होता आणि मध्यरात्री या उपनगरांच्या खस्वस्तिकापासून एका अंशाच्या आत येत होता. याउलट १९८६ च्या सुमारास तो आकाशाच्या दक्षिण भागात होता व क्षितिजापासून ४७–४८ अंशांहून वर येत नव्हता. प्रतियुती दरवर्षी चार-पाच दिवसांनी पुढे सरकते. १९८६ पासून २०१० पर्यंत ती जून ते सप्टेंबर या महिन्यांत पडत असे, म्हणजे सु. पाव शतक मुंबईकरांना हा ग्रह ऐन अनुकूल वेळी पावसाळी ढगांनी झाकलेला असे. आता ती पावसाळ्यानंतरच्या स्वच्छ रात्रींत येते. मात्र उपनगरांतील दिव्यांच्या उजेडाने आकाशाची पार्श्वभूमी इतकी उजळलेली असते की, नुसत्या डोळ्यांनी तो दिसण्याची आशा धरणे व्यर्थ आहे. ५० मिमी. व्यासाच्या साध्या द्विनेत्री दुर्बिणीतून व चांगल्या नकाशाच्या आधाराने तो सापडतो. पण तारा म्हणूनच. तो ग्रह आहे याची खात्री दुसऱ्या किंवा तिसऱ्या रात्री पुन्हा पाहून, शेजारच्या ताऱ्यांच्या संदर्भात तो सरकला आहे का हे तपासल्यावरच पटते. प्रतियुतीच्या सुमारास तो दिवसाला सु. अडीच कला मागे, म्हणजे वक्री, सरकत असतो. वक्री गती सुरू होताना व संपताना तो काही दिवस जवळजवळ स्तंभी असतो. या शेवटच्या गोष्टीने एका निरीक्षकाचा कसा घात केला ते पुढे येईल.

शोधापूर्वीची निरीक्षणे : ग्रिनिच येथील वेधशाळेचे पहिले राजज्योतिषी फ्लॅमस्टीड यांनी डिसेंबर १६९० मध्ये वृषभ राशीतील एका अंधुक ताऱ्याचे स्थान मोजले व पुढे त्यांच्या सूचीत तो ‘वृषभ ३४’ म्हणून नोंदला गेला. १७८१ नंतर बोडे यांनी जुन्या सूच्या तपासल्या तेव्हा त्या जागी आता तारा नाही, असे त्यांना आढळले. तो तारा म्हणजे प्रजापती होता. ८४ वर्षांची एक अशा चार फेऱ्या पूर्ण करून २०२६–२७ च्या हिवाळ्यात तो पुन्हा जवळजवळ त्याच जागी येत आहे. इंग्लंडचे ब्रॅडली व जर्मनीचे मायर यांच्या नोंदींतही तो सापडला.

सर्वांत अधिक वेळा तो पॅरिसच्या ल मॉन्ये यांनी पाहिला. १७५० ते १७६९ या काळात त्यांनी त्याचे अनेक वेध घेतले व त्यांपैकी कित्येक तर जानेवारी १७६९ मधील काही दिवसांतच घेतलेले आहेत. एवढे जवळजवळचे वेध ताडून पाहिले असते, तर शोधाचे श्रेय त्यांना मिळाले असते, असे म्हणून पुढील लेखकांनी त्यांच्या निष्काळजीपणाची बरीच थट्टा केली. ती पूर्णपणे न्याय्य नाही. त्या दिवसांत ग्रह स्तंभी अवस्थेच्या जवळ होता व त्याचे सरकणे अगदी अल्प होते. शिवाय शनीच्या पलीकडे ग्रह असेल ही कल्पनाच कोणाच्या मनात नव्हती. जे शोधायचे नाही ते सापडत नाही. या सर्व निरीक्षकांनी आपल्या नोंदी मात्र प्रामाणिकपणे जतन केल्या आणि त्यांचे खरे मोल अर्धशतकानंतर कळून आले.

शोध : विल्यम हर्शेल (१७३८–१८२२) हे मूळचे हॅनोव्हर (जर्मनी) येथील संगीतकार. इंग्लंडमधील बाथ या गावी ते चर्चमध्ये ऑर्गनवादक होते व दूरदर्शकांचे आरसे स्वतः घासून तयार करीत. आपल्या घरच्या अंगणातून, सु. १६ सेंमी. व्यासाचा आरसा असलेल्या स्वनिर्मित परावर्तक दूरदर्शकाने ते अंधुक ताऱ्यांची पद्धतशीर पाहणी करीत होते. १३ मार्च १७८१ रोजी रात्री दहा ते अकराच्या दरम्यान वृषभ व मिथुन यांच्या सीमेजवळील एक ‘तारा’ त्यांना इतरांहून मोठा वाटला. २२७ पट विवर्धन करणारा नेत्रभिंगसंच काढून त्यांनी अधिकाधिक विवर्धनाचे संच लावले. ताऱ्याची प्रतिमा त्या प्रमाणात वाढत नाही, ही वाढली. चार दिवसांनी पाहता तो सरकलेला आढळला. हर्शेल यांनी तो धूमकेतू असावा असे मानले व रॉयल सोसायटीला तसेच कळविले. त्याला शेपूट नाही, तेव्हा तो ग्रह असू शकेल अशी शंका राजज्योतिषी मॅस्कलिन यांना लवकरच आली. परंतु निर्णायक काम गणिताने केले : रशियाच्या सेंट पीटर्झबर्ग अकादमीचे लेक्सेल यांनी कक्षा काढली, तेव्हा ती जवळजवळ वर्तुळाकार असून शनीच्या दुप्पट अंतरावर आहे असे दिसून आले. धूमकेतूची कक्षा अशी नसते. सूर्यकुलाची ज्ञात मर्यादा एकदम दुप्पट झाली. हर्शेल यांना राजाकडून वर्षाला २०० पौंडांचे वेतन मिळू लागले व त्यांनी संगीताचा व्यवसाय सोडला. १७८७ मध्ये त्यांनीच या ग्रहाचे टायटॅनिया व ओबेरॉन हे दोन उपग्रह शोधून काढले.

गतीतील विसंगती व वरुणाचा शोध : जुन्या नोंदी सापडल्यामुळे १८२० पर्यंत ग्रहाच्या दीडएक फेरीची माहिती गणितज्ञांच्या हाती आली. फ्रान्सचे बूव्हार यांनी १८२१ मध्ये त्याची कोष्टके प्रसिद्ध केली. परंतु १७८१ पूर्वीचे व नंतरचे वेध एकाच कक्षेत बसेनात. बूव्हार यांनी जुने वेध सदोष मानून बाजूला ठेवले व केवळ नव्या वेधांवरून कोष्टके केली. सोय म्हणून हे समजण्यासारखे असले, तरी फ्लॅमस्टीड व ब्रॅडली यांच्यासारख्यांच्या हातून अशा चुका होणे संभवनीय नव्हते. थोड्याच वर्षांत ग्रहाने नव्या कोष्टकांचीही साथ सोडली. १८४५ च्या सुमारास गणित व वेध यांतील तफावत सु. २ कलांपर्यंत गेली होती. इतक्या अंतरावरचे दोन तारे नुसत्या डोळ्यांना एकच वाटतील. पण ग्रहगणिताच्या दृष्टीने ही तफावत असह्य होती.

पलीकडील एखादा अज्ञात ग्रह प्रजापतीला ओढीत असावा, असे गृहीत धरून इंग्लंडमध्ये ॲडम्स व फ्रान्समध्ये ल व्हेर्ये यांनी एकमेकांच्या नकळत त्या ग्रहाचे स्थान काढले. ल व्हेर्ये यांचे पत्र २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिन वेधशाळेतील गाले यांच्या हाती पडले व त्याच रात्री, सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत, वरुण ग्रह सापडला. केंब्रिजमध्ये चॅलिस यांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो पाहिला होता, परंतु वेध न ताडल्याने ओळखला नव्हता. ल मॉन्ये यांचीच कथा पुन्हा घडली.

या यशात थोडा दैवाचा भागही होता. दोघाही गणितज्ञांनी नव्या ग्रहाचे अंतर बोडे यांच्या नियमावरून ३६ ते ३८ एकके इतके धरले होते. प्रत्यक्षात ते ३० आहे. तरीही दिशा बरोबर आली, कारण प्रजापती १८२१–२२ च्या सुमारास वरुणाच्या अगदी जवळून पुढे गेला होता. त्यापूर्वी वरुण त्याला पुढे ओढून वेग वाढवीत होता व नंतर मागे ओढून तो कमी करीत होता. वेग वाढण्याचा काल संपून घटण्याचा सुरू कधी झाला एवढे कळले, तरी अज्ञात ग्रहाची दिशा ठरत होती. बूव्हार यांनी टाकून दिलेले जुने वेध खरे होते, हेही यामुळे सिद्ध झाले.

महाराष्ट्रातील ग्रहगणित व केतकर : कोष्टक व आकाश यांच्यात फारकत झाली, तर कोणाचे खरे मानावे हा प्रश्न त्याच सुमारास महाराष्ट्रातही उभा होता, मात्र येथे तो पंचांगाच्या रूपाने आला. मराठी पंचांगे तेव्हा मुख्यतः कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांच्या ग्रहलाघव (१५२०) या ग्रंथावरून तयार होत. साडेतीन शतकांत साचत गेलेल्या फरकामुळे त्यातील ग्रहस्थिती वेधाशी जुळेनाशी झाली होती. केरो लक्ष्मण छत्रे (१८२४–८४) यांनी पाश्चात्त्य गणिताच्या आधारे ग्रहसाधनाची कोष्टके (१८६०) हा ग्रंथ लिहिला व त्यावरून १८६५ पासून पटवर्धनी पंचांग निघू लागले. त्याला विरोध झाला तो धर्मशास्त्राच्या नावाने. लोकमान्य टिळक यांच्या पुढाकाराने १९०४ मध्ये मुंबईस व पुढे पुणे व सांगली येथे भरलेल्या ज्योतिष परिषदांतून हा वाद लढविला गेला. प्रजापती व वरुण हे परंपरागत नवग्रहांत नसल्याने धर्मकृत्यांशी त्यांचा संबंध नव्हता. त्यामुळे त्यांचे गणित मान्य करण्यास कोणाची हरकत आली नाही. ज्या गणिताने ते सापडले तेच गणित चंद्रसूर्यांना लावण्यास मात्र अनेकांची हरकत होती.

या वातावरणात व्यंकटेश बापूजी केतकर (१८५४–१९३०) यांनी आपले कार्य केले. त्यांचा जन्म नरगुंद (हल्ली कर्नाटकात) येथे झाला. मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात शिक्षकाची नोकरी करीत त्यांनी आधुनिक ग्रहगणित संस्कृत ग्रंथांच्या पद्धतीने मांडले. ज्योतिर्गणितम् व केतकी ग्रहगणितम् हे त्यांचे ग्रंथ पंचांगकर्त्यांच्या उपयोगी पडले. नक्षत्रविज्ञान हे पुस्तक त्यांनी मराठीत लिहिले. १९११ मध्ये फ्रेंच ज्योतिषशास्त्रीय संस्थेच्या पत्रिकेत त्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. गुरूच्या पहिल्या तीन मोठ्या उपग्रहांच्या गतींमध्ये जो साधा संख्यासंबंध लाप्लास यांनी दाखविला होता, तशाच स्वरूपाचा संबंध प्रजापती, वरुण व त्यांच्या पलीकडील अज्ञात ग्रह यांमध्येही असला पाहिजे, या कल्पनेवरून केतकरांनी आणखी दोन ग्रहांचे भाकीत केले. त्यांना त्यांनी ‘ब्रह्मा’ व ‘विष्णू’ अशी नावे दिली. ब्रह्मा याचे सरासरी अंतर ३८.९५ एकके व परिभ्रमण काल २४२.२८ वर्षे असा त्यांनी काढला.

फेब्रुवारी १९३० मध्ये अमेरिकेतील लोएल वेधशाळेत टॉमबॉ यांना प्लूटो सापडला. शोधाची घोषणा १३ मार्चला, म्हणजे हर्शेल यांच्या शोधाच्याच तारखेला, करण्यात आली. प्लूटोचे सरासरी अंतर ३९.५ एकके व परिभ्रमण काल २४८ वर्षे आहे. आकड्यांतील हे साम्य लक्षणीय आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केतकरांचे निधन झाले.

प्लूटोचा शोध वस्तुतः केतकरांनीच लावला, असे विधान मराठीत अधूनमधून केले जाते. ते टिकणारे नाही. ग्रह कोठे पाहावा, म्हणजे अमुक दिवशी तो कोणत्या राशीच्या कितव्या अंशात असेल, हे ल व्हेर्ये यांनी सांगितले होते. केतकरांनी केवळ अंतर व काल सांगितला, आकाशातील स्थान सांगितले नाही. त्यांच्या आकड्यांवरून दूरदर्शक कोणत्याही दिशेला वळविता आला नसता. दुसरा ग्रह विष्णू कधीच सापडला नाही. शिवाय आकडे जुळणे हा एकटा पुरावा नव्हे : बोडे यांच्या नियमात वरुणाच्या जागी येणारे ३८.८ हे अंतर वरुणाला लागू पडत नाही, पण प्लूटोशी बरेच जुळते. तेवढ्याने तो नियम खरा ठरत नाही. प्रजापतीच्या गतीतील उरलेल्या विसंगतीवरून नवव्या ग्रहाचे स्थान काढणारे अमेरिकन शास्त्रज्ञ लोएल यांचीही गत वेगळी झाली नाही. १९७८ मध्ये प्लूटोचा उपग्रह सापडल्यावर त्याचे वस्तुमान इतके क्षुल्लक ठरले की, प्रजापतीला ओढण्याचे सामर्थ्य त्याच्यात असणे शक्यच नव्हते. व्हॉयेजर–२ यानाने १९८९ मध्ये वरुणाचे वस्तुमान अचूक मोजले. ते वापरून १९९३ मध्ये गणित पुन्हा केल्यावर ती विसंगतीच नाहीशी झाली. २००६ मध्ये प्लूटोची गणना बटुग्रहांत करण्यात आली.

केतकरांच्या बाजूने मात्र एक गोष्ट नोंदविली पाहिजे. बाह्य सूर्यकुलातील परिभ्रमण काल साध्या प्रमाणांनी बांधलेले असावेत, ही त्यांची मूळ कल्पना निष्फळ नव्हती. वरुण व प्लूटो यांचे काल २ : ३ या प्रमाणाने परस्परांशी जखडलेले आहेत, हे १९६५ मध्ये संगणकाच्या साहाय्याने सिद्ध झाले. विजापूरसारख्या ठिकाणी, वेधशाळेचे व सहकाऱ्यांचे पाठबळ नसताना, एका निवृत्त शिक्षकाने सूर्यकुलाच्या रचनेविषयी फ्रेंच विद्वानांपुढे निबंध मांडावा, एवढेही मोठेच आहे. त्याला प्लूटोच्या श्रेयाची पुस्ती जोडण्याची गरज नाही.

कड्यांचा शोध : विसाव्या शतकात प्रजापतीविषयी सर्वांत अनपेक्षित माहिती त्याच्या आड जाणाऱ्या एका ताऱ्याने दिली व तीत भारतीय वेधशाळांचा वाटा होता. १० मार्च १९७७ रोजी तूळ राशीतील एका अंधुक ताऱ्याचे प्रजापतीकडून पिधान होणार होते. तारा झाकला जाताना प्रकाश कसा मंदावतो यावरून ग्रहाचे वातावरण व व्यास मोजावा, हा उद्देश होता. अमेरिकेचे एलियट व त्यांचे सहकारी हिंदी महासागराच्या दक्षिण भागावरून उडणाऱ्या विमानातील दूरदर्शकाने वेध घेत होते. त्यांनी उपकरणे सु. ४० मिनिटे आधीच सुरू केली होती. पिधानापूर्वी ताऱ्याचा प्रकाश पाच वेळा क्षणभर मंदावला आणि पिधानानंतर ग्रहाच्या दुसऱ्या बाजूस तितक्याच अंतरांवर पुन्हा तसाच मंदावला. ही समरूपता ग्रहाभोवती अरुंद कडी असल्याखेरीज संभवत नव्हती.

भारतात तेव्हा ११ तारखेची मध्यरात्र उलटली होती. तमिळनाडूतील कावलूर येथे, भारतीय खगोल भौतिकी संस्थेच्या १०२ सेंमी. परावर्तक दूरदर्शकाने जे. सी. भट्टाचार्य व के. कुप्पुस्वामी हे वेध घेत होते. त्यांनाही ताऱ्याचा प्रकाश काही सेकंद मंदावलेला आढळला. प्रथम त्यांनी याचा अर्थ नवा उपग्रह असा लावला. नंतर वेणू बाप्पू यांच्यासह भट्टाचार्य यांनी नोंदीची फेरतपासणी करून कड्यांचा निष्कर्ष मांडला. नैनिताल येथील वेधशाळेतही या पिधानाचे वेध घेण्यात आले होते. कावलूरच्या आलेखात कड्यांची खूण होती, परंतु तो एकटा पाहता उपग्रह हाच अर्थ अधिक स्वाभाविक वाटत होता. दूरदूरच्या ठिकाणांच्या नोंदी एकत्र आल्यावरच कड्यांचे स्वरूप स्पष्ट झाले. तोवर कडी असलेला एकच ग्रह, शनी, माहीत होता. प्रजापतीची बहुतेक कडी १० किमी.हून अरुंद व कोळशासारखी काळी आहेत. पुढील पिधानांमुळे त्यांची संख्या नऊ झाली. व्हॉयेजर–२ व हबल अवकाश दूरदर्शक यांनी प्रत्येकी दोन कड्यांची भर घातल्याने आता तेरा कडी ज्ञात आहेत. आपणास प्रजापतीचे कडे दिसले, असे हर्शेल यांनी एकदा लिहून ठेवले होते व पुढे ते मागेही घेतले. त्यांच्या दूरदर्शकातून ही कडी दिसणे जवळजवळ अशक्य होते, असेच म्हणावे लागते.

व्हॉयेजर व त्यानंतर : २४ जानेवारी १९८६ रोजी व्हॉयेजर–२ हे यान प्रजापतीच्या ढगांपासून सु. ८१,५०० किमी. अंतरावरून गेले. या ग्रहाजवळ गेलेले ते आजवरचे एकमेव यान होय. त्याने दहा नवे उपग्रह दाखविले. ग्रहाचा अंतर्भाग १७ तास १४ मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करतो, हे त्याच्या रेडिओ नोंदींवरून कळले. चुंबकीय अक्ष परिवलनाच्या अक्षाशी सु. ५९° कोन करतो व ग्रहाच्या केंद्रातूनही जात नाही, ही गोष्ट विशेष धक्कादायक होती. मिरँडा या लहान उपग्रहावर (काइपर, १९४८) सु. २० किमी. उंचीचे कडे आढळले. ग्रहाचे बिंब मात्र जवळजवळ निर्विकार होते. ढगांचे पट्टे वा वादळे फारशी दिसली नाहीत. तो निष्क्रिय ग्रह आहे हा त्यावरून झालेला समज फार दिवस टिकला. २००७ मध्ये सूर्य विषुववृत्तावर येण्याच्या सुमारास मोठ्या दूरदर्शकांतून तेजस्वी ढग दिसू लागले, तेव्हा यान तेथे जाऊन आले ते एका विशिष्ट ऋतूत, हे लक्षात आले.

ग्रहाच्या अंतर्गत उष्णतेविषयीही असेच घडले. व्हॉयेजरच्या मापनांवरून प्रजापती सूर्याकडून मिळणाऱ्या उष्णतेहून जवळजवळ काहीच अधिक बाहेर टाकीत नाही असे वाटत होते, व वरुणाहून तो इतका वेगळा का, याची कारणे शोधली जात होती. अनेक दशकांची निरीक्षणे एकत्र करून २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत मात्र तो सु. १२ ते १५ टक्के अधिक उष्णता बाहेर टाकतो असे आढळले. त्याच वर्षी जेम्स वेब अवकाश दूरदर्शकाने एका लहान उपग्रहाची भर घातल्याने ज्ञात उपग्रहांची संख्या २९ झाली. प्रजापतीभोवती फिरत राहील असे यान व वातावरणात उतरणारे शोधक उपकरण पाठविण्यास अग्रक्रम द्यावा, अशी शिफारस अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमीच्या समितीने २०२२ मध्ये केली आहे. शोधाच्या रात्री ग्रह आकाशात जेथे होता, त्या वृषभ-मिथुनाच्या सीमेवर तो २०३३ च्या प्रारंभी, तीन फेऱ्या पूर्ण करून, परत येईल.